डिस्क आहे, पण दिसत नाही

‘हार्ड गेली’ हे गिऱ्हाइकाने दुकानात पाऊल टाकताच सांगितलेले निदान बहुतेक वेळा घाईचे असते. कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाही, एवढीच खरी तक्रार असते, आणि न दिसण्याचे प्रकार बरेच आहेत. डिस्कला वीजच मिळत नसेल. वीज मिळूनही ती फिरत नसेल. फिरत असेल, पण तिला स्वतःची ओळख देता येत नसेल. ओळख दिली तरी विंडोजने तिला बाजूला ठेवले असेल. किंवा सगळे ठीक असेल, फक्त ‘ई’ किंवा ‘एफ’ हे अक्षर तिला मिळालेले नसेल. पहिल्या आणि शेवटच्या प्रकारात एखादी केबल बदलून किंवा माउसच्या चार क्लिकमध्ये काम होते. मधल्या प्रकारांत मात्र एक चुकीचा उपाय केला, की वाचू शकणारा डेटा कायमचा जातो. म्हणून साखळी नेमकी कुठे तुटली ते आधी शोधायचे, आणि ते कळेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही.

खानदेशातल्या रावेरसारख्या तालुक्याच्या गावी हे शिकणे जास्त गरजेचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर, मध्य प्रदेशाच्या सीमेला खेटून असलेला हा केळीचा तालुका. इथल्या शेतकऱ्याचा सातबारा सरकारी सर्व्हरवर असतो. सेतू केंद्रातला कॉम्प्युटर बंद पडला तरी सातबारा दुसरीकडून काढता येतो. पण केळी व्यापाऱ्याकडची वजने, भाव, दिलेली उचल आणि राहिलेली बाकी, खते-औषधांच्या दुकानाची टॅली, फोटो स्टुडिओत साठलेली गावोगावची लग्ने यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ही सहा वर्षे ज्या डिस्कवर काढायची, ती मात्र दुकानातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू असते.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत डिस्कमध्ये काय घडते ते एकदा समजून घेतले, की पुढचे निदान सोपे जाते. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्डडिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कचे मूळ तत्त्व तेच आहे. वीज मिळताच मोटर तबकड्या फिरवू लागते. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला साधारण ७२०० फेरे घेतात, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ५४००. वेग आला, की वाचणारी हेडे तबकडीवर येतात आणि हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगतात. हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. त्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. डिस्कचे स्वतःचे जे सॉफ्टवेअर असते, त्याचा छोटासा भाग तिच्या हिरव्या सर्किट बोर्डावरच्या चिपमध्ये असतो आणि मोठा भाग तबकडीवरच, आपल्याला कधीही न दिसणाऱ्या राखीव पट्ट्यात असतो. हेडे तो भाग वाचतात, आणि मगच डिस्क कॉम्प्युटरला आपले मॉडेल, क्रमांक आणि क्षमता सांगते. म्हणजे स्वतःचे नाव सांगण्यासाठीसुद्धा तिला आधी स्वतःला वाचावे लागते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, डिस्कचे नाव आणि क्षमता बरोबर दिसत असतील, तर मोटर, हेडे आणि बोर्ड यांचे मूलभूत काम झालेले आहे. तपासाची दिशा यावरून ठरते.

सुरुवात विजेपासून करावी. खानदेशात तर करावीच. लाईट जाते त्या क्षणी डिस्कचे नुकसान होते, असा समज आहे. लिहिणे चालू असताना लाईट गेली तर फाइल बिघडू शकते, हे खरे. पण बोर्डाला जास्त धोका लाईट परत येताना असतो, कारण त्या वेळी व्होल्टेजचा झटका येऊ शकतो. तो झटका कॅबिनेटमधल्या एसएमपीएसने, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीने, अडवायचा असतो. एसएमपीएस हलका किंवा जुना असेल तर झटका पुढे डिस्कपर्यंत पोहोचतो. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ व्होल्टचे दोन पुरवठे लागतात, आणि सहसा दोन्हींच्या वाटेवर एकेक रक्षक डायोड बसवलेला असतो. झटका आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचे सर्किट वाचवतो. याची खूण ठळक असते: डिस्क जोडली की अख्खा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच नकार देतो, आणि डिस्क काढली की सुरू होतो. अशी डिस्क ‘मेलेली’ नसते. जाणकार कारागीर तो शॉर्ट झालेला डायोड काढून, खात्रीच्या पुरवठ्यावर ती सुरू करून डेटा काढून घेऊ शकतो. मात्र त्यानंतर ती रोजच्या वापरात ठेवायची नाही, कारण तिचे संरक्षण आता गेलेले असते.

आणखी एक घात घराघरांत होतो. टेबलावर ठेवायच्या मोठ्या एक्स्टर्नल डिस्कला १२ व्होल्टचा ॲडाप्टर असतो आणि लॅपटॉपचा ॲडाप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो. दोघांची पिन कधीकधी एकमेकांत बसते. १९ व्होल्ट गेले की बोर्ड जळतो, आणि दुकानात ‘काही केले नाही, आपोआप बंद पडली’ असे सांगितले जाते. ॲडाप्टरवर पांढऱ्या रंगाने ‘डिस्क’ असे लिहून ठेवणे, हा या बिघाडावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला वेगळा ॲडाप्टर नसतो. ती यूएसबीमधूनच वीज घेते. जुन्या यूएसबी २.० पोर्टातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. तबकड्या फिरायला लागताना मात्र डिस्क क्षणभर साधारण एक अँपिअरपर्यंत ओढते. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात न दिसणारी डिस्क मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावली की दिसू लागते. केबल लांब असेल तर आखूड लावून पाहावी. दिवा लागतो आणि विझतो, डिस्क दिसते आणि गायब होते, हा प्रकार बहुतेक वेळा विजेच्या कमतरतेचा नाहीतर सैल झालेल्या पिनचा असतो.

आता उन्हाळा. मे महिन्यात रावेर-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याखालच्या दुकानात, धुळीने पंखा जाम झालेल्या कॅबिनेटमध्ये काम करणारी डिस्क बाहेरच्या हवेपेक्षा १०-१५ अंशांनी जास्त तापते. घरगुती डिस्कच्या बऱ्याच मॉडेलना कंपन्या ६० अंशांची कमाल मर्यादा देतात. म्हणजे आपण दुपारी त्या रेषेवरच उभे असतो. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णता आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही, असे त्यात आढळले. हा निष्कर्ष पुष्कळदा ‘उष्णतेने काही होत नाही’ असा सांगितला जातो, आणि तसे सांगणे चुकीचे आहे. त्या डिस्का थंड ठेवलेल्या डेटा सेंटरमध्ये होत्या. तिथेही तापमानाच्या वरच्या टोकाला, विशेषतः तीन वर्षे वापरलेल्या डिस्कांत, बिघाड वाढलेले दिसले. आपल्या पत्र्याखालची दुपार त्या अभ्यासाच्या बरीच पलीकडची आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे: डिस्कच्या स्वयंतपासणीत पहिली चूक नोंदली गेल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक न नोंदलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. डिस्कचे हे आरोग्यपत्रक क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाचता येते. तिथे पिवळा रंग दिसला, की त्याच दिवशी डेटा हलवावा.

वीज ठीक असेल तर पुढचा संशय केबलवर. साटा केबल पातळ असते, तिची लोखंडी क्लिप तुटते, आणि टेबल हलवताना ती अर्धवट निघते. एखादी चांगली केबल लावून पाहणे आणि मदरबोर्डवरचे दुसरे पोर्ट वापरणे, एवढ्यावर काही डिस्का परत येतात. आरोग्यपत्रकात १९९ क्रमांकाच्या ओळीत सीआरसी चुकांची संख्या वाढत असेल, तर दोष बहुधा तबकडीचा नसून वाटेतला आहे. पावसाळ्यात दुसरी गोष्ट घडते. बोर्ड आणि आतली मोटर-हेडे यांना जोडणारे जे संपर्कबिंदू बोर्डाच्या खालच्या बाजूला असतात, त्यांवर ओलाव्याने काळपटपणा येतो. जुने कारागीर बोर्ड सोडवून ते बिंदू खोडरबराने पुसतात, आणि ही युक्ती खरोखर चालते. बोर्ड सोडवताना डिस्कचे मुख्य झाकण उघडले जात नाही, हे इथे ध्यानात घ्यावे.

यानंतर बायोस. डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ २, एचपीवर एफ १० दाबून आत जाता येते. एचपीच्या लॅपटॉपवर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ आणि ३एफ० असा संकेत आला की लोक घाबरतात. काही वेळा विंडोजची फाइल बिघडलेली असते किंवा बूटचा क्रम बदललेला असतो, आणि डिस्क धडधाकट असते. एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते: मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी. शाळेची लॅब उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद राहते आणि ही बॅटरी संपते. जूनमध्ये बटण दाबले की तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते आणि बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर आलेल्या असतात. डिस्कचा मोड एएचसीआयवरून दुसऱ्या कशावर गेला, की विंडोज निळ्या पडद्यावर येऊन थांबते. बॅटरी बदलायची, मोड पूर्ववत करायचा, काम झाले. नव्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनवर विंडोज टाकताना डिस्कच सापडत नाही, कारण व्हीएमडी नावाची सोय मध्ये असते. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की डिस्क यादीत येते. हे माहीत नसल्याने नवी कोरी डिस्क खराब ठरवून परत पाठवली जाते.

बायोसमध्येच डिस्क दिसत नसेल, तरीही निकाल लगेच देऊ नये. २००८-०९ मधली सीगेटच्या ‘बॅराकुडा ७२००.११’ या मालिकेची हकीकत दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. या डिस्का आदल्या दिवशी व्यवस्थित चालत, आणि दुसऱ्या दिवशी बायोसमधून नाहीशा होत. मोटर फिरत असे, खडखड नसे, आरोग्यपत्रकात आधी काही तक्रार नसे. कारण यांत्रिक नव्हतेच. डिस्क स्वतःच्या कामाची जी अंतर्गत नोंदवही ठेवते, तिच्यातला मोजणीचा आकडा ठरावीक मूल्यावर असताना वीज बंद होऊन पुन्हा आली, तर आतले सॉफ्टवेअर अडकून पडे. डेटा तबकडीवर जसाच्या तसा असे. तिला नाव मात्र सांगता येत नसे. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य केला, सुधारित सॉफ्टवेअर दिले आणि अडकलेल्यांचा डेटा मोफत काढून देण्याची तयारी दाखवली. सुधारित सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीने काही चालू डिस्काही बंद पाडल्या, म्हणून ती मागे घेऊन नवी द्यावी लागली. दरम्यान हौशी तंत्रज्ञांनी बोर्डावरच्या चाचणी-पिनांना साधी सीरियल वायर जोडून, थोड्या आज्ञा टाइप करून त्या डिस्का जिवंत करण्याची पद्धत शोधून काढली. ज्यांनी घाईने त्या डिस्का भंगारात टाकल्या, त्यांचा वाचणारा डेटा त्यांच्याबरोबर गेला.

बायोसमध्ये डिस्क आहे, पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, असे असेल तर प्रश्न पुष्कळ सोपा होतो. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. डिस्कपुढे ‘ऑफलाइन’ लिहिले असेल तर उजव्या क्लिकने ऑनलाइन करता येते. विभाग निरोगी दिसत असून अक्षर नसेल, तर अक्षर द्यावे. घर जागेवर असते, फक्त दारावरचा नंबर पडलेला असतो. खरा धोका पुढच्या तीन संदेशांत आहे. ‘डिस्क इनिशियलाइज करा’, ‘फॉरमॅट करा’ आणि विभागाचा प्रकार ‘रॉ’. या तिन्ही ठिकाणी विंडोजला फक्त एवढेच म्हणायचे असते, की मला इथली मांडणी वाचता येत नाही. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नसतो. फोटो एडिटरने मॅकवर वापरलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली डिस्क पीसीला लावली, की तिलाही बहुधा हाच निरोप येतो. दोन्हींमध्ये डेटा पूर्ण शाबूत असतो आणि ‘ओके’ दाबले की संकट सुरू होते. म्हणून ‘कॅन्सल’ दाबावे. लग्नाचे चित्रीकरण असो की चोरीचा पुरावा, नियम तोच. विभागांची यादीच पुसली गेली असेल तर टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर ती शोधून परत मांडू शकते, पण तेही मूळ डिस्कवर नव्हे, तिच्या प्रतीवर चालवावे.

प्रत काढणे हा सगळ्या दुरुस्तीचा गाभा आहे, आणि आपल्याकडे याच बाबतीत सर्वांत जास्त हयगय होते. आजारी डिस्कवरून फाइली एकेक करून ओढण्याचा हट्ट धरला, की हेड खराब जागेवर पुन्हा पुन्हा अडते आणि उरलेला जीवही जातो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालणारे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी चांगला भाग भराभर उतरवून घेते, खराब जागा टिपून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. तितक्याच किंवा जास्त क्षमतेची दुसरी डिस्क लागते. कोणती डिस्क मूळ आणि कोणती कोरी, हे क्रमांक वाचून दोनदा तपासावे. उलटे झाले तर कोऱ्या डिस्कची प्रत डेटावर चढते.

आणि आवाज ऐकावा. डिस्क हातात धरून शांतपणे ऐकणे ही या कामातली जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची तपासणी आहे. आवाजच नाही, तर वीज किंवा बोर्ड. खाली पडलेल्या पोर्टेबल डिस्कमधून बारीक ‘बीप’ येत असेल, तर बहुधा हेडे तबकडीला चिकटली आहेत आणि मोटरला फिरता येत नाही. लयीत टक्-टक्-टक् येत असेल, तर हेडांना राखीव पट्टा सापडत नाही आणि ती परत परत जागेवर येऊन धडपडत आहेत. बीप आणि टकटक या दोन्हींत एकच काम करायचे: वायर काढायची. प्रत्येक वेळी ‘अजून एकदा बघू’ म्हणून वीज दिली, की तबकडीवर ओरखडा पडण्याची शक्यता वाढते. झाकण दुकानात उघडायचे नाही. हे काम पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत, धूळमुक्त हवेच्या कक्षात होते. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमते आणि हेडे त्या पाण्यातून जातात, एवढाच त्याचा परिणाम. त्याच मॉडेलचा बोर्ड आणून बदलण्याची युक्तीही आता तशीच चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडांची मापे कारखान्यात मोजून तिच्या स्वतःच्या बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप उतरवून नव्या बोर्डावर लावल्याशिवाय डिस्क वाचत नाही. काही पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचे पोर्ट थेट बोर्डावरच असते आणि पासवर्ड लावलेला नसतानाही डेटा सांकेतिक रूपात लिहिला जातो. त्यांचे कवच फोडून काही साधत नाही.

एसएसडीला फिरणारा भाग नाही, म्हणून ती आवाजही करत नाही आणि बऱ्याचदा पूर्वसूचनाही देत नाही. पुसलेली फाइलसुद्धा तिच्यावरून परत मिळणे अवघड, कारण विंडोज पुसलेली जागा रिकामी करायला तिला लगेच सांगते. खानदेशापुरती तिची एक मर्यादा ठळक सांगितली पाहिजे. उद्योगाच्या मानकानुसार, आपले लेखन-आयुष्य पूर्ण वापरलेली साधी एसएसडी वीज नसताना ३० अंश तापमानाला एक वर्ष डेटा धरून ठेवेल, एवढीच अपेक्षा असते. तापमान वाढले की हा काळ झपाट्याने कमी होतो. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. तरीही लग्नांचे अल्बम जुन्या एसएसडीवर भरून, ती कपाटात ठेवून दोन-तीन उन्हाळे विसरून जाणे, ही साठवण नव्हे.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम आपल्या स्टुडिओंना आणि दुकानांना जसाच्या तसा लागू आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते आजच बघून एका कागदावर लिहा आणि तो कागद काउंटरला चिकटवा. ३१ मार्चला तुम्ही वर्षाचा हिशेब बंद करता. जगभर तोच दिवस ‘बॅकअप दिन’ म्हणूनही पाळतात. त्या दिवशी दुकान बंद करण्यापूर्वी एक प्रत घरच्या कपाटात न्या, दुसरी ऑनलाइन ठेवा, आणि दोन्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.